पितळी वाद्यांची पथके आणि त्यांच्या चढाओढी

लग्नसराई आली की आपल्याकडे बँडवाल्यांची शोधाशोध सुरू होते. बिदागी ठरते, तांबडे-निळे डगले आणि जरीच्या टोप्या घातलेली दहापंधरा माणसे मांडवाच्या दारी येऊन उभी राहतात, वरात मार्गी लागते, आणि रात्री पंगती उठल्यावर तीच माणसे एखाद्या कोपऱ्यात पानावर बसतात. त्यांची नावे सहसा कोणी विचारीत नाही. आचाऱ्याची वाहवा होते, मांडववाल्याची होते. परंतु ‘बँड बरा होता’ ह्यापलीकडे वादकांच्या वाट्यास काही येत नाही. ज्या देशातून ही वाद्ये लष्करी पलटणींबरोबर आपल्याकडे आली, त्या देशात मात्र त्यांचा इतिहास निराळ्या वळणाने गेला. तेथे ती गिरण्यांतील मागवाल्यांनी, कोळशाच्या खाणींत उतरणाऱ्या मजुरांनी व लोखंडाच्या कारखान्यांतील कामगारांनी उचलली. त्यांनी गावोगाव पथके उभारली, आणि एका गावाचे पथक दुसऱ्या गावाच्या पथकाशी अशा ईर्ष्येने भिडू लागले की आपल्याकडील कुस्त्यांच्या फडांची आठवण व्हावी. पावणेदोनशे वर्षे चाललेल्या ह्या चढाओढींची हकीकत आमच्या ज्ञातिबंधूंस व भगिनींस सांगावी, ह्या हेतूने आम्ही लेखणी हाती घेतली आहे. संगीतशास्त्रातील आमचा अधिकार बेताचाच. परंतु हा इतिहास जितका सुरांचा आहे तितकाच पगाराचा, सुटीचा आणि गावच्या अब्रूचा आहे, आणि त्या विषयांत बोलावयास संगीतशास्त्री असावे लागत नाही.

प्रथम वाद्यांचे सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे त्यातून निघाले. जुनी तुतारी किंवा बिगूल घेतले तर त्यातून सगळे स्वर निघत नाहीत. ओठांच्या ताणावर जे मोजके स्वर उमटतील तेवढेच. मधल्या स्वरांसाठी नळीची लांबी कमीजास्त करावी लागते. १८१८ साली प्रशियात श्टोल्झेल व ब्ल्यूमेल ह्या दोघा वादकांनी नळीवर झडप बसविण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. झडपेची कळ बोटाने दाबली की हवा जादा नळीतून फिरून जाते व स्वर उतरतो. पुढे तीन झडपांची योजना सर्वमान्य झाली आणि तीन बोटांवर सगळे स्वर आले. पॅरिसमध्ये राहणारा बेल्जियन कारागीर अडोल्फ साक्स ह्याने १८४० नंतरच्या काही वर्षांत ह्याच तत्त्वावर लहानापासून प्रचंड आकारापर्यंत एकाच घराण्याची वाद्ये घडविली. त्यांस साक्सहॉर्न म्हणत. डिस्टिन नावाच्या इंग्रज वादक कुटुंबाची त्याच्याशी १८४४ साली पॅरिसमध्ये गाठ पडली आणि त्यांनी ती वाद्ये इंग्लंडभर वाजवून दाखविली.

ह्या घराण्याची मोठी सोय अशी की धाकटे कॉर्नेट असो की मांडीवर टेकवून वाजवावयाचे अवजड बेस असो, बोटांची ठेवण तीच आणि स्वरलेखनाची रीतही तीच. आजही अशा पथकात बेस ट्रॉम्बोनखेरीज सर्वांची स्वरलिपी एकाच पद्धतीने लिहितात. त्यामुळे कॉर्नेटवर शिकलेला पोरगा मोठा झाल्यावर युफोनियमवर बसविता येतो. एखादा वादक गाव सोडून गेला तर शेजारचा त्याची जागा घेऊ शकतो. व्हायोलिनची कोवळी तार दाबावयास जो हात लागतो तो दिवसाचे दहा तास मागावर राबणाऱ्याचा राहत नाही. तीन कळा दाबणे मात्र राठ बोटांनाही जमते. आमच्या मते कामगारवर्गात ही वाद्ये रुजण्याचे अर्धे कारण ह्या एका गोष्टीत आहे.

उरलेले अर्धे कारण सुटीचे. १८४७ च्या कायद्याने इंग्लंडच्या कापडगिरण्यांत स्त्रिया व अल्पवयीन मुले ह्यांच्या कामास दिवसाला दहा तासांची मर्यादा घातली, आणि १८५० च्या कायद्याने शनिवारी दुपारी दोन वाजता त्यांचे काम बंद करावे असे ठरविले. बायका-मुले घरी गेल्यावर गिरणी चालावयाची कशी? तेव्हा पुरुषांसही बहुतेक ठिकाणी तीच वेळ लाभली. शनिवारचा अर्धा दिवस हाती आला आणि त्याच सुमारास आगगाडी गावोगाव पोहोचली. आता दहावीस मैलांवरच्या गावी जाऊन वाजवून रात्री घरी परतता येऊ लागले.

चढाओढींचा मूळारंभ बहुधा १८४५ साली यॉर्कशायरमधील बर्टन कॉन्स्टेबल ह्या वाड्याच्या आवारात झालेल्या सामन्यापासून मानतात. पाच पथके उतरली होती. बारापेक्षा अधिक वादक नसावेत व ढोल नसावा, अशा अटी होत्या. हलचा रहिवासी एंडर्बी जॅक्सन ह्या तरुण वादकाच्या मनात ह्या प्रसंगाने मूळ धरले. पुढे त्याने आपले सारे आयुष्य असे सामने भरविण्यात घातले. तो जितका संगीतकार तितकाच व्यवहारी. आगगाडीच्या कंपन्यांशी बोलणी करून स्पर्धेच्या दिवशी स्वस्त भाड्याच्या खास गाड्या सोडवून घ्यावयाच्या, म्हणजे पथकामागून त्याचे गावही येईल, हे गणित त्याने फार लवकर ओळखले.

मँचेस्टरला बेल व्ह्यू नावाची सार्वजनिक बाग होती; प्राणिसंग्रह, तळे, आतषबाजी असा सगळा थाट. तेथे ५ सप्टेंबर १८५३ रोजी पहिली खुली चढाओढ भरली. आठ पथके आली, आणि प्रेक्षक सुमारे सोळा हजार. पहिले बक्षीस लँकशायर-यॉर्कशायरच्या सीमेवरील मॉस्ली गावाच्या पथकाने नेले. त्याचे नाव ‘मॉस्ली टेंपरन्स साक्सहॉर्न बँड’. म्हणजे मद्यपाननिषेध मंडळाच्या छत्राखाली वाजविणारे पथक. त्या काळी पथके तालमीसाठी बहुधा गुत्त्यांतच जमत, कारण मोठी खोली आणि रात्रीचा उजेड फुकट मिळावयाची दुसरी जागा नसे. गुत्तेवाला खोली देई, आणि फुंकून फुंकून घसा कोरडा झाला की बियर विकत देई. त्यामुळे पहिलाच मान बिनपिणाऱ्यांनी पटकावला, ह्याची गंमत तेव्हाच्या लोकांस नक्कीच वाटली असेल.

बेल व्ह्यूची ती स्पर्धा पुढे दरवर्षी सप्टेंबरात भरू लागली. बाग मोडकळीस आल्यावर ती १९८२ साली मँचेस्टरच्याच फ्री ट्रेड हॉलमध्ये आणि १९९७ पासून बर्मिंगहॅममध्ये गेली.

ह्या पथकांच्या इतिहासात मालकवर्गाचे स्थान काय, हा प्रश्न नाजूक आहे. क्वीन्सबरी ह्या यॉर्कशायरच्या डोंगरमाथ्यावरील गावात जॉन फॉस्टर ह्यांची ब्लॅक डाइक नावाची लोकरीच्या कापडाची प्रचंड गिरणी होती. फॉस्टर स्वतः तरुणपणी गावच्या पथकात फ्रेंच हॉर्न वाजवीत. १८५५ साली त्यांच्या पेढीने ते पथक आपल्या पंखाखाली घेतले. वाद्ये दिली, गणवेश दिला, तालमीस जागा दिली आणि शिकवावयास माणूस ठेवला. आज ‘ब्लॅक डाइक’ हे नाव ह्या जगात जितक्या आदराने घेतात तितके दुसरे कोणतेही घेत नाहीत. वेल्समध्ये मर्थर टिडफिल येथील क्रॉशे ह्या लोखंडाच्या कारखानदाराने सायफार्थफा पथक १८३८ च्या सुमारास असेच पोसले होते. ह्या औदार्यात खोटे काही नव्हते. परंतु ते निव्वळ औदार्यही नव्हते. पथक जिंकले की गिरणीचे नाव वृत्तपत्रांत येई, आणि तालमीस बसलेला मजूर सभेला जात नाही हेही मालकास कळत होते. शिवाय शेजारच्या गावी एखादा कॉर्नेटवाला तयार झाला की त्यास हलक्या कामाची नोकरी देऊन आपल्याकडे ओढावयाचे, ही पद्धत सर्रास होती. ज्या गरीब पथकाने त्या पोरास लहानपणापासून शिकविलेले असे, त्याच्या हाती मोकळी खुर्ची राही. पुढे प्रत्येक वादकाची नोंदणी एकाच पथकाकडे असावी असा कडक नियम झाला तो ह्याच पळवापळवीमुळे.

ज्या पथकांना धनी नसे ती वर्गणीवर चालत. गिरणी सुटण्याच्या वेळी दाराशी पेटी धरावयाची, नाताळात घरोघर वाजवीत हिंडावयाचे, आणि वाद्यांच्या पेढीचे हप्ते फेडावयाचे. ब्रिगहाऊस अँड रॅस्ट्रिक हे पथक अशा लोकवर्गणीवरच मोठे झाले. १९७७ साली त्यांची एक ध्वनिमुद्रिका साऱ्या ब्रिटनच्या खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली होती.

शिक्षकी पेशात जन्म गेल्यामुळे असेल, पण ह्या कथेत आम्हांस सर्वांत अधिक ओढ वाटते ती पथकांच्या गुरूंची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिघांची नावे सर्वतोमुखी होती: जॉन ग्लॅडनी, अलेक्झांडर ओवेन आणि एडविन स्विफ्ट. पैकी ग्लॅडनी हे मँचेस्टरच्या विख्यात हॅले वाद्यवृंदातील क्लॅरिनेटवादक. त्यांचे शिक्षण रीतसर झालेले. त्यांच्या हाताखाली मेल्टम मिल्सच्या पथकाने १८७६, १८७७ व १८७८ अशी लागोपाठ तीन वर्षे बेल व्ह्यू जिंकले. स्विफ्ट हा मात्र हडर्सफील्डजवळच्या लिंथवेट गावचा विणकर. दिवसा माग चालवावयाचा आणि रात्री स्वतःच्या बळावर स्वरलेखन व संगीतरचना शिकावयाची, असे करीत तो इतका तयार झाला की गावोगावची पथके त्यास बोलावू लागली. हे गुरू एका वेळी अनेक पथके शिकवीत. आज ह्या खोऱ्यात तर उद्या त्या. चढाओढीच्या दिवशी एकाच व्यासपीठावर एकामागून एक आपलीच चार पथके परस्परांविरुद्ध वाजविण्याचा प्रसंगही त्यांच्यावर येई. एका इयत्तेच्या चार तुकड्या शिकविणाऱ्या मास्तरास त्यांची मनःस्थिती समजावून सांगावयास नको.

येथे आपल्या मुंबईचा धागा ह्या कथेत येतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस यावयाचा थांबला आणि लँकशायरच्या गिरण्यांची चाके बंद पडली. लाखो माणसे दानधर्मावर आली. स्टेलीब्रिज गावी मार्च १८६३ मध्ये, मदत रोख न देता चिठ्ठ्यांच्या रूपाने देण्याचे ठरल्यावर दंगल उसळली. त्याच वेळी वऱ्हाड-गुजरातच्या कापसास कधी न मिळालेला भाव येऊन मुंबईत सोन्याचा धूर निघत होता. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, आणि मुंबईचे सट्टेबाज धुळीस मिळाले. एका बंदराची चंगळ ती दुसऱ्या मुलखाची उपासमार, असा हा व्यवहार. दावरशेटजींची ताडदेवची गिरणी १८५६ साली सुरू झाली होती. म्हणजे बेल व्ह्यूच्या पहिल्या चढाओढीनंतर तीनच वर्षांनी. पुढे मुंबईच्या गिरणगावातही कामगारांची भजनी मंडळे, लेझीमपथके व शाहिरांचे फड उभे राहिले. तेथील माणसेही चाळींतल्या खोल्यांत तालमी करीत आणि गावच्या नावाने मंडळ काढीत. दुष्काळाच्या त्या वर्षांतही बेल व्ह्यूची चढाओढ भरत राहिली, हे मात्र ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दुसरा एक धागा ‘मुक्तिफौज’ म्हणजे साल्व्हेशन आर्मी हिचा. ह्या धर्मसंस्थेने १८७८ पासून पितळी वाद्ये प्रचारासाठी वापरली आणि १८८२ च्या सप्टेंबरात तिची चार माणसे मुंबईस उतरली, तेव्हा रस्त्यावर वाजतगाजत मिरवणूक काढल्याबद्दल पोलिसांनी त्यांस पकडले. ह्या संस्थेच्या पथकांत उत्तम वादक निपजले. परंतु तिने आपल्या पथकांस चढाओढीत कधी उतरू दिले नाही.

आता पडद्याविषयी. ह्या चढाओढींचा जो नियम आम्हांस सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो तो असा की परीक्षक पथकास पाहत नाहीत. मैदानात तंबू आणि सभागृहात चारी बाजूंनी कापडाने झाकलेली पेटीवजा खोली असते. पथके वाजवावयास यावयाच्या आधीच परीक्षकांस आत बसवितात. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो आणि तो परीक्षकांस कळू देत नाहीत. त्यांच्यापुढे फक्त अंक असतो: पहिले पथक, दुसरे पथक. आतून शिटी वाजली की परीक्षक ऐकावयास तयार आहेत असे समजावयाचे. मग सूत्रधार हात उचलतो. पथक विख्यात गिरणीचे आहे की दरिद्री खेड्याचे, गणवेश नवा आहे की ठिगळाचा, सूत्रधार नामवंत आहे की कालचा पोर, ह्यांतले काहीही आत पोहोचत नाही. पोहोचतो तो केवळ आवाज. निकालानंतर प्रत्येक पथकास परीक्षकांचे लेखी शेरे मिळतात.

कागदावर ही योजना निर्दोष दिसते. व्यवहारात ती तशी नाही, हेही सांगितले पाहिजे. जाणत्या कानास एखाद्या पथकाचा नाद किंवा मुख्य कॉर्नेटवाल्याची फेक ओळखू येते, अशी कुरकुर पहिल्यापासून आहे. अंतिम स्पर्धेत पडदा असावा की नसावा, ह्यावर आजही वाद होतात. आमचे मत पडद्याच्या बाजूचे आहे. आपल्याकडे नाट्यस्पर्धा, वक्तृत्वस्पर्धा, फार काय शाळेतील चित्रकलेची स्पर्धा ज्यांनी पाहिली आहे, त्यांस ह्याचे कारण विचारावे लागणार नाही.

१८६० साली जॅक्सनने लंडनजवळच्या सिडनहॅम येथील स्फटिकमहालात, म्हणजे क्रिस्टल पॅलेसमध्ये, दोन दिवसांचा मोठा सामना भरविला. पहिल्या दिवशी ब्लॅक डाइक व दुसऱ्या दिवशी सायफार्थफा जिंकले. ते काम चारच वर्षांत थांबले. १९०० साली जॉन हेन्री आइल्स ह्यांनी तेथेच राष्ट्रीय चढाओढ पुन्हा सुरू केली आणि ती कायम झाली. १९१३ पर्यंत पथके युरोपीय नाट्यगीतांच्या जुळण्याच वाजवीत असत. त्या वर्षी पर्सी फ्लेचरची खास पितळी पथकासाठी रचलेली कृती प्रथमच परीक्षेस लावली. मग होल्स्टने १९२८ साली आणि एल्गरने १९३० साली ह्या चढाओढीसाठी कृती लिहून दिल्या. विणकर आणि खाणवाले वाजविणार म्हणून देशातल्या पहिल्या प्रतीच्या संगीतकारांनी लेखणी उचलावी, ही गोष्ट लहान नव्हे. १९३६ साली स्फटिकमहाल जळून खाक झाला.

सेंट हिल्डा पथकाची कथा ह्याच काळातली. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील साउथ शील्ड्स येथील कोळशाच्या खाणीचे हे पथक. १९१२, १९२०, १९२१, १९२४ आणि १९२६ अशी पाच वेळा ते राष्ट्रीय चढाओढ जिंकले. १९२६ हे ब्रिटनच्या खाणकामगारांच्या दीर्घ झगड्याचे वर्ष. सहा महिन्यांहून अधिक काळ खाणी बंद होत्या. १९२७ साली ह्या पथकाने पोटासाठी वाजविण्याचा निर्णय घेतला, आणि धंदेवाईक झाले म्हणून चढाओढीचे दार त्यास बंद झाले. दहा वर्षे बागांतून व समुद्रकिनारी वाजवून १९३७ साली ते मोडले. नियम पाळला गेला हे खरे. परंतु ज्याचे पोट गिरणीच्या पगारावर भरते तो हौशी आणि ज्यास वाद्यावरच भाकरी मिळवावी लागते तो अपात्र, ह्या भेदाचे आम्हांस कधी समाधानकारक समर्थन आढळले नाही. आपल्याकडील बिदागीवर वाजविणारा बँडवाला त्या नियमाखाली कायमचाच बाहेर राहिला असता.

आजची प्रांतिक चढाओढ ही दुसऱ्या महायुद्धानंतरची. १९४५ साली ‘डेली हेरल्ड’ ह्या दैनिकाच्या पाठिंब्याने राष्ट्रीय स्पर्धेची घडी पुन्हा बसविताना देशाचे आठ विभाग केले: स्कॉटलंड, उत्तर इंग्लंड, यॉर्कशायर, वायव्य, मध्य, पश्चिम, वेल्स, आणि लंडनसह दक्षिणेकडील परगणे. अंतिम सामना लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये नेला. तेव्हापासून सगळ्या पथकांस आधी आपापल्या विभागात उतरावे लागते. पथकांच्या प्रतवारीनुसार पाच श्रेणी असतात. वरची अजिंक्यपदाची, तिच्याखाली पहिली ते चौथी. मागील तीन वर्षांच्या विभागीय निकालांवरून पथक वर चढते किंवा खाली घसरते. सर्वोच्च श्रेणीतून सामान्यतः पहिली दोन पथके लंडनला जातात. आधीच्या वर्षी अंतिम सामन्यात अगदी वर आलेल्यांस विभागातून थेट सूट असते.

हिवाळा सरता सरता, फेब्रुवारी-मार्चात, हे विभागीय सामने होतात. अलीकडे यॉर्कशायरचा हडर्सफील्डच्या नगरसभागृहात, वायव्येचा ब्लॅकपूलला, वेल्सचा स्वॉन्झीला, स्कॉटलंडचा पर्थला होत आला आहे. एका श्रेणीची सर्व पथके देशभर एकच कृती वाजवितात. ती काही महिने आधी जाहीर होते आणि मग तेच दहापंधरा मिनिटांचे संगीत आठवड्यातून दोनतीन रात्री घोटावयाचे. सामन्याच्या दिवशी सकाळी चिठ्ठ्या निघतात. पहिला क्रमांक कोणासच नको असतो, कारण परीक्षकांचा कान अजून बसलेला नसतो आणि वादकाचा ओठही तापलेला नसतो. पंचवीस फुंकवाद्ये आणि तालवाद्यांचे तीनचार जण मंचावर येतात. (तालवाद्यांस चढाओढीत प्रवेश १९७० च्या आगेमागे मिळाला, त्याआधी शंभरावर वर्षे बर्टन कॉन्स्टेबलचीच अट चालू होती म्हणा ना!) सर्वांत जोखमीची जागा सोप्रानो कॉर्नेटची. सर्वांवरचा तारस्वर त्या एकट्याकडे. तोंडास कोरड पडून तो स्वर फुटला तर सभागृहात लपविता येत नाही आणि पडद्याआडूनही लपत नाही. वर्षभराची मेहनत अर्ध्या क्षणात जाते. संध्याकाळी निकाल सांगतात. तोवर वादक खाली बारमध्ये बसून इतरांच्या चुका मोजीत असतात.

यॉर्कशायरचा विभाग सर्वांत अवघड समजतात. ब्लॅक डाइक, ब्रिगहाऊस, ग्राइमथॉर्प आणि कार्लटन मेन फ्रिकली ही सगळी एकाच ठिकाणची. अन्य विभागात सहज पुढे गेले असते असे पथक येथे चौथे येऊन घरी बसते.

ह्यांतील ग्राइमथॉर्पची हकीकत थोडी विस्ताराने सांगणे भाग आहे. बार्न्सलीजवळच्या ह्या कोळशाच्या गावी १९१७ साली खाणीचे पथक निघाले. खाणकामगार आपल्या पगारातून लहानशी वर्गणी देत. खाण जागा देई. १९७० नंतर हे पथक नव्या, अवघड संगीतासाठी प्रसिद्धीस आले. हॅरिसन बर्टविसल ह्यांनी १९७३ साली त्यांच्या नावानेच एक कृती रचली. ती ऐकून जुन्या रसिकांनी कानांवर हात ठेवले होते. १९८४ च्या मार्चपासून वर्षभर ब्रिटनच्या खाणकामगारांचा संप चालला आणि हरला. आपल्या मुंबईचा गिरणीसंप १९८२ च्या जानेवारीतला. दोन्हीकडचे कारण निराळे, पुढारी निराळे; पण दोहोंनंतर जे घडले ते एकच. भोंगे बंद झाले.

१३ ऑक्टोबर १९९२ रोजी ब्रिटिश सरकारने एकतीस खाणी बंद करण्याचा बेत जाहीर केला. त्यांत ग्राइमथॉर्पचे नाव होते. त्याच आठवड्याच्या अखेरीस अल्बर्ट हॉलमध्ये राष्ट्रीय चढाओढ होती. फ्रँक रेन्टन ह्यांच्या हाताखाली पथक मंचावर चढले. फिलिप विल्बी ह्यांची ‘न्यू जेरुसलेम’ ही कृती होती. पडद्याआड बसलेल्या परीक्षकांस मंचावर कोण आहे हे ठाऊक नव्हते, आणि ग्राइमथॉर्प पहिले आले. दयेपोटी दिलेले बक्षीस असे म्हणण्याची सोय पडद्याने कोणासही ठेवली नाही. १९९३ च्या मे महिन्यात खाण बंद झाली.

१९९६ साली ह्या घटनांवरून ‘ब्रास्ड ऑफ’ नावाचा चित्रपट निघाला. त्यातील गाव व माणसे कल्पित आहेत. वादन मात्र ग्राइमथॉर्पच्या पथकाचेच आहे. त्यात हॅलिफॅक्सला होणारा उपान्त्य सामना दाखविला आहे. वादक मंचावर जिंकतात आणि घरी येतात तो खाण बंद करण्याचा कौल लागलेला. चित्रपट म्हटला की थोडे अश्रू अधिक ओतावयाचेच. तरी आमच्या वाचकांनी तो मिळाल्यास अवश्य पाहावा.

खाण गेली, पथक राहिले. नावात ‘कॉलियरी’ हा शब्द अजून आहे. वादकांत खाणीत उतरलेला आता कोण असणार? पूर्वीही शेवटी शेवटी सगळे वादक खाणीतले राहिले नव्हतेच. आज अशा पथकांत शिक्षक, परिचारिका, विद्यार्थी, कारकून सगळे आहेत, आणि एके काळी ज्या खुर्च्यांवर केवळ पुरुष बसत तेथे मुली व स्त्रिया बरोबरीने बसतात. पैशाची ओढाताण चालूच आहे. पूर्वी गिरणीमालकापुढे हात पसरावा लागे, आता जाहिरातदारापुढे. शाळांतून फुकट वाद्यशिक्षण कमी होत चालल्याची तक्रार तेथील जाणकार वारंवार करतात. २०२० साली महामारीमुळे बर्मिंगहॅमचा आणि लंडनचा असे दोन्ही मोठे सामने झाले नाहीत. फुंकावयाच्या वाद्यांवरच तर सर्वांत आधी बंदी आली. पुढे घडी पुन्हा बसली.

पेंटेकॉस्टच्या सणानंतरच्या शुक्रवारी लँकशायर-यॉर्कशायरच्या सीमेवरील डोंगरी गावांत आणखी एक चढाओढ होते. तीस ‘व्हिट फ्रायडे’ म्हणतात. स्टेलीब्रिजला ती १८८४ पासून आहे. एकाच संध्याकाळी अनेक गावे आपापली निराळी स्पर्धा लावतात आणि शंभरावर पथके मोटारगाड्यांतून ह्या गावाहून त्या गावी धावतात. विख्यात पथक आणि शाळकरी पोरांचे पथक एकाच रांगेत उभे असते. गावच्या रस्त्याने कूच करीत यावयाचे, ठरल्या जागी थांबून एक धून वाजवावयाची आणि पुन्हा गाडीत बसावयाचे; रात्री अकरापर्यंत हे चालते, पाऊस असला तरी. १८५३ साली पहिले बक्षीस नेलेले मॉस्ली हे ह्या गावांपैकीच एक. तेथेही परीक्षक पडदे ओढलेल्या जागी बसतो, आणि बाहेर कोण वाजवून गेले हे त्यास रात्री निकाल लागल्यावरच कळते.